चीक, शेगडी आणि शेजारीण

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीला मुलगी झाली. पुण्याला, चांगल्या मोठ्या दवाखान्यात. सगळं सुखरूप पार पडलं, पेढे वाटून झाले, फोटो आले. आणि पाचव्या दिवशी रात्री साडेअकरा वाजता तिचा मला फोन. रडत होती बिचारी. "नामपूरच्या आजी, मला दूधच येत नाहीये हो. बाळ सारखं रडतंय. सगळे म्हणतात डब्याचं सुरू कर."

तिची आई बँकेत नोकरीला. रजा संपली म्हणून ती परत गेली होती. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणावर. नवरा भला मुलगा, पण तो तरी काय करणार! पोरीने मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून डोळे सुजवून घेतले होते. मला जे सुचलं, आठवलं ते मी सांगितलं. तासभर बोललो आम्ही. शेवटी जरा शांत झाल्यावर तिने विचारलं, "आजी, पूर्वी तर काहीच नव्हतं ना, मग तुम्हाला हे कोण शिकवायचं?"

मी म्हटलं, सावकाश सांगेन. फोन ठेवला आणि मला मात्र झोप येईना.

मी तेहतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. वर्गात कितीतरी सनावळ्या घोकून घेतल्या. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७, किल्ले पुरंदर. हे मुलांना पाठ असे. पण सईबाई आजारी पडल्या, बाळाला दूध मिळेना, तेव्हा जवळच्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी त्या लेकराला आपलं दूध पाजलं, हे मी एका वाक्यात उरकायची. पुढे ५ सप्टेंबर १६५९ ला सईबाई गेल्या. म्हणजे मराठ्यांच्या दुसऱ्या छत्रपतींचं बालपण कापूरहोळच्या एका बाईच्या मांडीवर तरलं. त्यावर परीक्षेत कधी दोन गुणांचाही प्रश्न आला नाही... आणि मीही तो काढला नाही.

हिरकणीची गोष्ट मात्र मुलं आवडीने ऐकायची. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागरीला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेली. गोष्ट दंतकथेच्या वाटेने आली आहे, पण हिरकणीचा बुरूज आहे आणि आता एसटीच्या स्थानकांवर तिच्याच नावाचे 'हिरकणी कक्ष' आहेत. मला या गोष्टीत नेहमी एक प्रश्न पडायचा. त्या रात्री हिरकणीच्या वाडीत दुसरी कोणी लेकुरवाळी नव्हती का, जी त्या बाळाला घटकाभर छातीशी धरेल? गोष्टीत तशी बाई नाही. गोष्टीत आई एकटीच असते. खऱ्या आयुष्यात ती तशी एकटी असायची नाही, किंवा असली तर बाळाचं काही खरं नसायचं.

आता आमच्या बागलाणातलं सांगते. आमचं नामपूर मोसम नदीकाठचं मोठं बाजारगाव. कांद्याचा बाजार, इकडे मालेगाव, तिकडे सटाणा, पश्चिमेला मुल्हेर-साल्हेरचे डोंगर. घरोघर बोली अहिराणी. माझं माहेर नामपूरच, आणि लग्नानंतर दोन वर्षं मालेगावला काढून आम्ही पुन्हा इथेच आलो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत अंधारी खोली. खिडकीला गोधडी. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यात ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी. रोज तेल चोळायला बाई यायची, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायची. बाळंतिणीच्या कानाला फडकं. खायला बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर. पाचव्या दिवशी पाचवी, सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणून रात्रभर दिवा. आणि असा सव्वा महिना. सव्वा महिना बाईने विहिरीवर जायचं नाही, चुलीशी बसायचं नाही, जड उचलायचं नाही.

याला आम्ही शिकलेल्या मुली नाकं मुरडायचो. पण आता वाचताना लक्षात येतं की जगात फार ठिकाणी हे आहे. चीनमध्ये बाळंतीण 'महिना बसते'. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत चाळीस दिवसांचा काळ पाळतात. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट सुचली, की बाळंत झालेल्या बाईला महिनाभर कामाला लावू नये आणि एकटी ठेवू नये. सोयराला विटाळ म्हणून बाजूला बसवलं हे खरंच. पण त्या विटाळाच्या आडून तिला विसावाही मिळाला.

आणि माझ्या मते त्या खोलीतली सगळ्यात मोठी गोष्ट डिंकाचा लाडू नव्हती. ती होती तिथे टेकलेली बाई. कधी आजी, कधी काकू, कधी शेजारीण. ती काही भाषण देत नसे. वाती वळत, तांदूळ निवडत बसलेली असे, आणि मधूनच उठून बाळाचं डोकं जरा वर करी, बाळंतिणीच्या पाठीशी लोड सारी, म्हणे, "असं नाही, असं धर." बस्स. आमच्या पुण्याच्या नातीने विचारलेल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर एवढंच आहे.

पण निम्मंच. कारण त्या बाईला सगळं बरोबर ठाऊक होतं असं मुळीच नाही! जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी पुढचं जरा नीट वाचावं.

पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं त्याला आपण चीक म्हणतो. तो चीक आमच्याकडे काढून टाकत. "जड असतो, बाळाला पचत नाही." बाळाला तोवर मध चाटवायचा, गुळाचं पाणी, बोळ्याने शेळीचं दूध. ही समजूत आजची नाही. सुश्रुतसंहितेतसुद्धा दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं म्हणून तोवर मध-तूप द्यायला सांगितलं आहे. युरोपातही कित्येक शतकं चीक वाईटच मानत. म्हणजे हा अडाणीपणा फक्त आमच्या खानदेश-बागलाणाचा नव्हे, पंडितांचाही तोच.

गंमत पहा. गाय व्याली की त्याच चिकाचा खरवस आपण वेलची घालून, शेजारीपाजारी वाटून खातो. वासराला पहिला चीक मिळालाच पाहिजे, नाही तर ते जगत नाही, हे गुराख्याचं पोरही सांगेल. आणि स्वतःच्या लेकराच्या वाट्याचा चीक आम्ही फडक्यावर पिळून टाकला. आता डॉक्टर सांगतात की तो चीक थोडाच येतो, चमचा-दोन चमचे, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. आणि त्यात रोगाशी लढणारी द्रव्यं इतकी असतात की त्याला बाळाची पहिली लस म्हणतात.

दुसरी गोष्ट. सव्वा महिना कोणाचा? ज्यांच्या घरात कणगी भरलेली त्यांचा. आमच्या मळ्यात कामाला येणाऱ्या बाया दहाव्या-बाराव्या दिवशी निंदणीला हजर असत. बांधावरच्या बाभळीला झोळी, झोळीत बाळ. त्यांना शेगडी नव्हती की हळीव नव्हते. मात्र एक होतं, चीक टाकून देण्याइतकी त्यांना फुरसत नव्हती आणि शेळीचं दूध विकत आणायला पैसे नव्हते. त्यामुळे त्यांच्यातल्या पुष्कळ जणी पोराला पहिल्या दिवसापासून छातीला लावत. गरिबीने त्यांना शहाणं केलं म्हणावं का? छे, असलं गोड वाक्य लिहायला नको. त्यांची मुलंही आमच्या मुलांपेक्षा जास्तच दगावत, दुसऱ्या कारणांनी.

बाळंतिणीला विसावा हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, हे कायद्यात यायला आपल्याकडे १९२९ साल उजाडलं. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा, देशातला या प्रकारचा पहिला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं यात देशाचं हित आहे असं त्यांचं म्हणणं. पण तो कायदा गिरणी-कारखान्यातल्या बायांपुरता. १९६१ चा देशभराचा कायदा आला तेव्हा बारा आठवडे मिळाले आणि २०१७ मध्ये सव्वीस. निंदणी करणारीला मात्र आजही कोणी रजा देत नाही.

आनंदीबाई जोशींचं नाव तर सर्वांना माहीत आहे. पण त्या डॉक्टर का झाल्या? चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. ते दुःख उरात घेऊन ती मुलगी अमेरिकेला गेली, १८८६ साली डॉक्टर झाली आणि तिने प्रबंध लिहिला तो प्रसूतीशास्त्रावरच. पुढच्या वर्षी ती स्वतःच गेली, बावीस वर्षंही पुरी नव्हती. दहा दिवसांचं बाळ आणि त्याची आई. आपल्या इतिहासातला एक मोठा प्रवास तिथून सुरू झाला.

आता माझं सांगते. हे मी आजपर्यंत कुठे लिहिलेलं नाही, आणि घरातल्या बहुतेकांना ठाऊकही नाही.

१९७६ चा उन्हाळा. मला मुलगी झाली, इथेच, नामपूरला. मी बी.ए. झालेली, शाळेत तीन वर्षं नोकरी झालेली, ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचा अर्थ सांगणारी बाई. आणि मला बाळ छातीशी कसं धरतात हे येत नव्हतं. आई माझ्या लग्नाआधीच वारलेली. घरात आजी होती, तिची नजर गेलेली. तीन दिवस तिने रीतीप्रमाणे चीक काढून टाकायला लावला. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, मला ताप भरला, बाळाला ओढता येईना. "हिला दूधच नाही," असं ठरून गेलं. तालुक्याच्या गावच्या एका डॉक्टरांनी डब्याचं दूध लिहून दिलं. डबा महाग, म्हणून आम्ही ते पातळ करायचो. एकच बाटली, तीच धुवायची. मे महिना, पाण्याचे हाल. आठ दिवसांत पोरीला जुलाब लागले. डोळे खोल गेले, टाळू खाली बसली.

आमच्या मळ्यात भिलाटीतली एक बाई कामाला यायची. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिची मुलं-नातवंडं गावात आहेत, त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हे. ती मागच्या दाराशी ताक न्यायला आली होती. कडेवर तिचं नऊ-दहा महिन्यांचं पोर. आतून रडणं ऐकलं आणि ती दाराशी थांबली. म्हणाली, हे पोर रडत नाही, कण्हतंय.

मग ती आत आली. आमच्या घरात त्यापूर्वी ती कधी उंबरठ्याच्या आत आली नव्हती. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "पोरले दे माय इकडे." मी दिली. ती भिंतीला टेकून बसली आणि माझ्या लेकीला तिने पदराखाली घेतलं.

आजीला दिसत नव्हतं, पण कळत सगळं होतं. सोवळ्याओवळ्याची कडक बाई ती. मी घाबरून तिच्याकडे पाहत राहिले. आजीने तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "मी काही पाहिलं नाही."

ती बाई आठ दिवस येत होती, दिवसातून तीन-चार वेळा. बाळाला आधी ती पाजायची. मग माझ्याकडे वळायची. गरम पाण्यात फडकं पिळून तिने माझी छाती शेकली, हाताने हळूहळू दूध काढलं, गाठी मोकळ्या केल्या. बाळाचं पोट बाळंतिणीच्या पोटाला लावायचं, तोंड मोठं उघडल्यावरच जवळ घ्यायचं, नुसतं टोक तोंडात देऊन भागत नाही, हे सगळं तिने मला माझे हात धरून दाखवलं. मी रडायला लागले की म्हणायची, "येस माय, दूध येस." दहाव्या दिवशी बाटली बंद झाली. मुलगी वाचली.

मग आम्ही काय केलं? तिला एक लुगडं आणि पायलीभर बाजरी दिली. आजीने गल्लीत सांगितलं, शेळीचं दूध मानवलं हो पोरीला. बारशाला गल्लीतल्या साऱ्या बाया आल्या. तिला बोलावणं नव्हतं. जेवणं झाल्यावर ती इतर बायांबरोबर अंगणाबाहेर वाढून घ्यायला आली, तेव्हा मी बाळ मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. तिने लांबून पाहिलं, हसली आणि गेली. मी तिला हाक मारली नाही. धाराऊचं नाव निदान बखरींच्या वाटेने आपल्यापर्यंत पोहोचलं...

इतकी वर्षं मी समजत होते की माझीच काही चूक झाली, मलाच दूध नव्हतं. मग हळूहळू वाचनात आलं की तेव्हा हे जगभर चाललं होतं. १९३९ सालीच सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनी रोटरी क्लबच्या सभेत भाषण करून डब्याच्या दुधाने गरिबांची मुलं मरताहेत आणि हा खून आहे असं सांगितलं होतं. कोण ऐकतो! १९७४ मध्ये इंग्लंडात यावर एक पुस्तिका निघाली, १९७७ मध्ये अमेरिकेत एका बड्या कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या जाहिरातींना आवर घालणारी संहिता केली. आपल्याकडे कायदा झाला १९९२ मध्ये. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायला आता बंदी आहे, ती त्या कायद्याने. स्तनपानाच्या प्रचारासाठी देशभर काम करणारी संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली तीही आपल्या वर्ध्याला, हे फारसं कोणाला माहीत नसतं.

अमेरिकेतली आणखी एक गोष्ट मला आवडली. १९५६ मध्ये शिकागोजवळच्या एका गावात सात आयांनी मिळून 'ला लेचे लीग' सुरू केली. (लेचे म्हणजे स्पॅनिशमध्ये दूध.) तिथे तेव्हा बाटलीचाच जमाना होता. या सात जणी कोणाच्या तरी घरी जमायच्या आणि नव्या आयांना आपला अनुभव सांगायच्या. आपल्या ओट्यावर जे फुकट मिळत होतं त्यासाठी तिथे संस्था काढावी लागली, असं मी तेव्हा म्हटलं असतं. आता म्हणणार नाही. आपले ओटेच राहिले नाहीत.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली पहिली. धारावी शेजारीच. अपुऱ्या दिवसांची, अशक्त बाळं तिथे यायची आणि बाटलीच्या दुधाने जंतुसंसर्ग होऊन दगावायची. त्यांनी बाटल्या हद्दपार करून आयांना बाळांजवळ आणलं, आणि ज्यांच्या आईला दूध पुरत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या आयांचं दूध गोळा करायला सुरुवात केली. देणाऱ्या आईची तपासणी करतात, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवतात, मग गोठवून ठेवतात. हे मुद्दाम लिहिते आहे. माझ्या लेकीला ज्या तऱ्हेने दूध मिळालं ती तऱ्हा आज कोणी करू नये, काही रोग दुधातून बाळाला होऊ शकतात असं डॉक्टर सांगतात. म्हणून पेढी.

मालेगावला माझ्या एका मुसलमान मैत्रिणीने मला सांगितलं होतं की त्यांच्यात एका बाईचं दूध प्यालेली मुलं भावंडंच ठरतात, त्यांची लग्नं होत नाहीत. दूधआई, दूधभाऊ हे आपल्याही भाषेत शब्द आहेतच. शब्द आहेत, नातं पाळायचं मात्र आम्ही सोयीने ठरवलं.

पण या सगळ्यात मला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते काम गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था काढली. जंगलातला जिल्हा, दवाखाने लांब, बाळंतपणं जवळपास सगळी घरी. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात हजारातली बासष्ट बाळं जात. महिन्याच्या आत! म्हणजे नेमका आपला सव्वा महिना. बाळ आणि बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, बाहेर कोणाला पत्ता नाही, आणि आत बाळ हळूहळू थंड पडतंय.

तज्ज्ञ म्हणत होते, अशा बाळांना इस्पितळच हवं. बंग पतिपत्नींनी उलटा विचार केला, की बाळ इस्पितळात जात नसेल तर उपचार त्या खोलीत गेला पाहिजे. आणि तो नेणार कोण? गावातलीच बाई. पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना त्यांनी तयार केलं, नाव दिलं आरोग्यदूत. बाळाचं वजन कसं करायचं, श्वास घड्याळ लावून कसे मोजायचे, ऊब कशी द्यायची, लगेच छातीला कसं लावायचं, दूध ओढत नसेल तर काय करायचं. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनसुद्धा. याच गोष्टीवर पुष्कळांच्या भुवया वर गेल्या असणार! एकोणचाळीस गावांत हे केलं, आणि तुलनेसाठी दुसरी सत्तेचाळीस गावं ठेवली. १९९५ ला सुरुवात झाली आणि तिसऱ्या वर्षी हजारी बासष्टवरून मृत्यू साडेपंचवीसवर आले. तुलनेच्या गावांत होते तिथेच राहिले. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात छापून आलं.

त्याआधी १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या निरक्षर बायांना आरोग्यसेविका करून दाखवलं होतंच. तेही काम याच वाटेचं. गावातली बाई शिकू शकते, आणि ती जे सांगते ते दुसरी बाई ऐकते.

गडचिरोलीचं वाचताना मला सारखी ती मागच्या दाराशी थांबलेली बाई दिसत होती. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, वजनकाटा नव्हता. पण रडणं आणि कण्हणं यातला फरक तिला दारातून कळला. मला, आजीला, त्या डॉक्टरांना कळला नव्हता. समजा तिला कोणी शिकवलं असतं आणि पुढच्या दाराने येऊ दिलं असतं तर...

पुढे २००५ मध्ये गावोगाव आशा नेमल्या गेल्या आणि २०११ मध्ये सरकारने गडचिरोलीची ही पद्धत देशभर घेतली. बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशाताईने सहा वेळा घरी जायचं, तिसऱ्या दिवशी, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. घरी झालं तर पहिल्या दिवशी आणखी एकदा. बेचाळीस दिवस म्हणजे सव्वा महिन्याच्या जरा पुढेच! कोणी ठरवून केलं नसेल, पण हिशेब जुन्या बायकांच्या जवळ जाऊन बसला. आमच्या गल्लीतली आशाताई उन्हातान्हात पिशवी घेऊन जाताना दिसते. सहा भेटींना मिळून तिला अडीचशे रुपये ठरले होते. मी काय बोलणार यावर.

बागलाणच्या पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण सुरू झालं. हळिवाची खीर नसेल, पण भाकरी-भाजी, डाळ-भात, अंडं. ज्यांना सव्वा महिना कधी मिळाला नाही त्यांना निदान एक ताट. मला हे फार बरं वाटतं.

आता राज्यात शंभरातली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९ ते २१ चा आकडा आहे. आणि त्याच पाहणीत जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं निम्म्याहून थोडीच जास्त. डॉक्टर आहेत, नर्स आहेत, खाट आहे, दिवे आहेत, मग चीक का चुकतो? माझं आपलं मत असं, की तिथे सगळे उभे असतात. बसायला कोणाला वेळ नसतो. आणि शहरातल्या पोरीकडे तर आशाताईही फिरकत नाही. आमच्या नातीच्या सोसायटीत दोनशे बिऱ्हाडं आहेत म्हणे. त्यात लेकुरवाळ्या बाया नसतील? पण दार कोण वाजवणार.

तर त्या रात्री मी तिला सांगितलं ते हेच. गरम पाण्याचं फडकं, पोटाला पोट, तोंड मोठं उघडू दे. दर दोन-अडीच तासांनी लाव, ओढेल तसं वाढतं. आणि उद्या सकाळी स्तनपानाची माहिती असलेल्या डॉक्टरकडे जाऊन वजन करून घे, नुसत्या माझ्या बोलण्यावर राहू नको. शेवटी म्हटलं, "येस माय, दूध येस." तिला अहिराणी कळत नाही, पण हसली. सतराव्या दिवशी तिचा फोन आला, डबा न फोडता कपाटात ठेवला आहे. आणि तिसऱ्या मजल्यावरची एक बाई दुपारी येऊन बसते. तिचंही बाळ सहा महिन्यांचं आहे. मी ऐकून घेतलं आणि बराच वेळ काही बोलले नाही.

हे लिहून झाल्यावर आधी माझ्या लेकीला वाचून दाखवलं, फोनवरच. ती नाशिकला असते, आता पन्नाशीला पोहोचली. तिलाही आजवर शेळीच्या दुधाचीच गोष्ट माहीत होती. पुष्कळ वेळ गप्प राहिली. मला वाटलं रागावली. मग विचारलं, "आई, तिच्या कडेवरचं ते पोर मुलगा होता की मुलगी?"

मी म्हटलं, मुलगा. तू ओळखतेस त्याला. सोमवारच्या बाजाराला कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन येतो.